दुष्काळात गाव उठलं नाही, मग रायण्णाच्या वेळी का उठलं?

खानापूरचा वाटसरू

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातलं आमचं गाव नंदगडपासून फार लांब नाही. येत्या २६ जानेवारीला गावच्या वाचनालयात मला बोलायला सांगितलंय. आमच्या भागात ही तारीख दुहेरी आहे. सकाळी शाळेत झेंडावंदन असतं, आणि याच तारखेला, १८३१ साली, कित्तूर संस्थानासाठी इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला फाशी दिलं. मूल व्हावं म्हणून तिथल्या वडाला लोक अजून लाकडी पाळणे बांधतात.

दरवर्षी त्याच्या शौर्यावर भाषण होतं. ते व्हावंच. यंदा मात्र मला त्याच्या मागं गेलेल्या माणसांबद्दल बोलायचंय. पेरणी-मळणी टाकून, बायकापोरं गावात ठेवून रानात शिरायला माणूस कधी तयार होतो?

"लोक गरीब होते, हाल होत होते, म्हणून उठले" असं लिहून मी एक पान भरलं आणि फाडलं. कारण मधे आडवा येतो १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. बेळगाव, कलादगी, धारवाड हे तिन्ही जिल्हे त्यात होरपळले. जनावरं गेली, माणसं रस्त्याकडेला मेली, घराला कडी घालून कुटुंबंच्या कुटुंबं निघून गेली. तरी आमच्या या टापूत तेव्हा कुणी कचेरीवर चाल करून गेल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. आणि १८२९-३० मध्ये, तसला दुष्काळ नसताना, रायण्णाच्या मागं शेकडो माणसं गेली, बिडी गावची सरकारी कचेरी जाळली गेली.

मग हालांचं आणि बंडाचं नातं काय? माझा अंदाज एवढाच, की मुळात नसलेल्यासाठी माणूस उठत नाही, असलेलं ओढून घेतलं की उठतो. पण हा अंदाज मलाच अर्धा वाटतोय. जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर स्पष्ट सांगावं.

जुना दफ्तरी

वाटसरू, तुमचा अंदाज टाकून देऊ नका, पण त्यात एक शब्द घाला: सनद. माझी सगळी नोकरी महसुलात गेली, जुनी दफ्तरं हाताळण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रायण्णा शेतसनदी होता. चाकरीबद्दल जमीन, आणि त्या जमिनीचा लेखी आधार म्हणजे सनद. गडाचा पहारा करायचा, बोलावलं की हत्यार घेऊन हजर व्हायचं आणि त्या बदल्यात शेत खायचं. अशी माणसं कित्तूरच्या मुलखात गावोगाव होती. ती श्रीमंत नव्हती. पण गावात त्यांना एक जागा होती, आणि ती जागा त्या शेतामुळं होती.

१८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचे राजे शिवलिंगरुद्रसर्ज वारले. मूल नव्हतं. दत्तक घेतला तो धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे यानं मानला नाही. २३ ऑक्टोबरला लढाईत थॅकरेच मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत गेली. १८२९ मध्ये तिथंच वारली. हे सगळं शाळेत शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत. राज्य गेलं म्हणजे चाकरी गेली, आणि चाकरी गेली म्हणजे शेत ज्या कारणानं मिळालं होतं ते कारणच गेलं. कंपनीच्या कारकुनाच्या लेखी ती साधी सारा भरणारी जमीन झाली. रायण्णाच्या जमिनीचा काही भाग सरकारजमा झाला आणि उरलेल्यावर जबर सारा बसला. काल ज्याच्या कमरेला तलवार होती तो आज कुलकर्ण्यापुढं हप्त्याची मुदत मागत उभा.

कित्तूर पडलं १८२४ ला आणि रायण्णाचं बंड १८२९ ला, मधे पाच वर्षं का गेली? राज्य एका दिवसात बुडतं, पण त्याची झळ शेताच्या बांधापर्यंत यायला वेळ लागतो. आधी मोजणी, मग आकार, मग वसुली, मग जप्ती. पाचव्या वर्षी घराघरात कळलं की आपलं काय गेलं.

याच्या जोडीला सामानगड ठेवा. गडहिंग्लजजवळचा, आपल्या शेजारचाच. १८४४ मध्ये तिथल्या आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी, म्हणजे गडाच्या पिढीजात पहारेकऱ्यांनी, गडाचे दरवाजे लावून घेतले. तेव्हा कोल्हापूरचा कारभार इंग्रजांच्या विश्वासातल्या दाजी कृष्ण पंडिताकडं होता. गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदाराच्या हाताखाली घालायचं ठरलं, आणि त्यांनी ओळखलं की आज देखरेख आहे, उद्या जमीन जाणार. गड जिंकायला फौज बेळगावहून गेली.

तिसरं नरगुंद. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या सरकारी खात्याला, बळ मिळालं आणि पिढ्यान् पिढ्या इनाम खाणाऱ्यांना "कागद दाखवा" म्हणून बोलावणी सुटली. ज्याच्या आज्याचा कागद वाळवीनं खाल्ला त्याचं इनाम धोक्यात. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना दत्तक नाकारला होताच. १८५८ च्या मे महिन्यात त्यांच्या माणसांनी मॅन्सन या अधिकाऱ्याला मारलं, आणि हा मॅन्सन आधी इनाम कमिशनच्याच कामावर होता. १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिलं.

तिन्ही ठिकाणी भुकेलेला माणूस पुढं नाही. शेतसनदी, गडकरी, संस्थानिक. तिघांकडंही एक जुना करार होता आणि तो समोरच्यानं एकतर्फी मोडला.

आणखी एक गोष्ट मला नोकरीभर छळत आली. बंडवाले आधी कागद जाळतात. बिडीच्या कचेरीतलं दफ्तर जळलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर चालून गेले, तेव्हाही त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ज्या सावकारानं रोखे मुकाट्यानं काढून दिले त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. अडाणी म्हणून हिणवलेल्या त्या माणसांना पक्कं माहीत होतं की आपली मान कशात अडकलीय.

कृष्णाकाठ

दफ्तरीकाका, वाचून अंगावर काटा आला. मी कागवाड भागातला, चार एकर ऊसवाला.

आमच्याकडं "उतारा" शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तलाठ्याकडचा, जमिनीचा. दुसरा साखरेचा, म्हणजे उसातून शेकडा किती साखर निघाली तो. दोन्ही उतारे आमच्याबद्दलच, आणि दोन्ही दुसऱ्यानंच लिहायचे. काटा त्यांचा, उतारा त्यांचा, बिलाची तारीख त्यांची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर शेकडा १५ व्याज द्यायचं. माझ्या वडलांनी एका कारखान्याला (नाव घेत नाही) घातलेल्या उसाचं बिल दुसरा हंगाम सुरू झाला तरी आलं नव्हतं. व्याज तर आम्ही डोळ्यानं बघितलं नाही. वडील दर सोमवारी डबा बांधून कारखान्यावर जायचे आणि संध्याकाळी तोच डबा अर्धा परत आणायचे. कायदा नसता तर एवढं लागलं नसतं. कायदा आहे, छापलेला आहे, सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी मिळत नाही, हे जास्त लागतं.

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊसदरासाठी शेतकरी बसले ते बघा. टनाला ३,५०० ची मागणी होती, ३,३०० वर मिटलं. बसलेले कोण होते? जिल्ह्यातले सगळ्यांत गरीब नव्हते. पाणी असलेले, ऊस असलेले, ट्रॅक्टरचा हप्ता असलेले. कोरडवाहू ज्वारीवाला रस्त्यावर नव्हता.

गोकाकचा बसू

माझी घरची भाषा कन्नड. शिक्षण काही वर्षं कोल्हापूरला झालं, म्हणून मराठी वाचतो, लिहितो. चूक झाली तर सांभाळून घ्या.

रायण्णा आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी आहे. तुमच्या तालुक्यातल्या वाचनालयात मराठी माणसं त्याच्यावर एवढा विचार करतात हे वाचून बरं वाटलं.

पण वाटसरूअण्णा, तुमच्या "असलेलं ओढून घेतलं" या वाक्यात १९८० चं नरगुंद-नवलगुंद बसत नाही. तिथं काही ओढून घेतलं नव्हतं. द्यायचं कबूल केलं होतं. मलप्रभा उगवते तुमच्या खानापुरात, कणकुंबीला. सौंदत्ती तालुक्यात नविलुतीर्थाला तिच्यावर धरण झालं आणि कालव्याचं पाणी नरगुंद, नवलगुंदच्या काळ्या रानात जाणार असं ठरलं. लोकांनी स्वप्नं बघितली. ज्वारी सोडून संकरित कापूस लावला, त्यासाठी कर्ज काढलं. पाणी काहींना मिळालं, काहींना अर्धंमुर्धं, काहींना नाहीच. कापसाचा भाव पडला. आणि अशा वेळी सरकारनं सुधारणा कर मागितला. जमिनीला पाणी आल्यामुळं तिची किंमत वाढली, त्या वाढीतला वाटा द्या म्हणून! ज्याच्या रानात पाणी आलंच नाही त्यालाही नोटीस.

त्यांनी पहिल्या दिवशी दगड उचलला नाही. अर्ज दिले, बैठका घेतल्या, तहसीलदार कचेरीसमोर बसले. २१ जुलै १९८० ला भडका उडाला. गोळीबार झाला, शेतकरी मेले, पोलीसही मेले. त्यातूनच कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला आणि १९८३ च्या निवडणुकीत राज्यात पहिल्यांदा काँग्रेसचं सरकार गेलं.

आमचे मामा त्या वेळी नवलगुंदजवळच्या गावात होते. ते म्हणायचे, पाणी आलं नसतं तर आम्ही आभाळाकडं बघून गप्प बसलो असतो. आभाळाला काय विचारणार? पण कालवा माणसानं खणला होता.

खानापूरचा वाटसरू

बसूअण्णा, मामांचं वाक्य भाषणात घेतो, परवानगी द्या.

तुमच्यामुळं एक गाठ सुटली. दुष्काळात लोक का उठले नाहीत याचं निम्मं उत्तर त्यात आहे. पाऊस पडला नाही याचा दोष लोकांनी नशिबाला दिला, देवीला दिला. धान्य रेल्वेनं बाहेर जात होतं, सारा चालूच होता, हे सरकारचं करणं होतं, पण उपाशी माणसाच्या डोळ्यापुढं ते नव्हतं. उरलेलं निम्मं उत्तर सरळ आहे: अंगात ताकद नव्हती, आणि माणसं पांगली होती.

त्याच दुष्काळात वासुदेव बळवंत फडके गावोगाव फिरले आणि १८७९ मध्ये त्यांनी पुण्याकडं बंड केलं. पण त्यांच्याबरोबर उभे राहिले रामोशी. म्हणजे पुन्हा तेच, पिढीजात पहाऱ्याची चाकरी असलेली आणि ती गमावलेली माणसं. फडके शेवटी पकडले गेले ते आपल्या बाजूला, कलादगी जिल्ह्यात.

म्हणजे आता मी असं म्हणतोय: दिलेला शब्द मोडला गेला पाहिजे, तो कुणी मोडला हे दिसलं पाहिजे, आणि तक्रार करायला दार राहिलेलं नसलं पाहिजे. बरोबर आहे का?

हिंडलगेकर

या चर्चेत एक विषय सगळे टाळताहेत, म्हणून लिहितो. १९५६. भाषावार राज्यं होताना बेळगाव कुठं जाणार हे लोकांना न विचारता ठरलं. त्या जानेवारीत बेळगावात गोळीबार झाला. पुढं साराबंदी झाली. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळ्या चालल्या, हिंडलग्याला हुतात्म्यांचं स्मारक आहे, दर एक जूनला आम्ही तिथं जातो.

दफ्तरीसाहेबांनी कागदाबद्दल लिहिलं ना? माझ्या आजीनं साठ वर्षं कसलेल्या शेताचा उतारा तिला वाचता येत नव्हता. मोडी यायची, बाळबोध यायची, कन्नड येत नव्हतं. चावडीत कुणीतरी बोट ठेवेल तिथं अंगठा. कागदपत्रं मराठीतही द्या, ही मागणी बाहेरच्यांना क्षुल्लक वाटते. आजीला ती क्षुल्लक नव्हती. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे ज्याला कळत नाही तो आपल्याच घरात पाहुणा होतो.

गोकाकचा बसू

हिंडलगेकर, तुमच्या आजीचं दुःख खरं आहे आणि मी त्यावर वाद घालणार नाही. फक्त एवढं सांगतो, माझ्या आज्याला कन्नड यायचं आणि तरी उतारा कळत नव्हता. त्यालाही बोट ठेवेल तिथं अंगठा करावा लागला. गोळीबारात मेलेल्यांबद्दल मला आदर आहे. सीमेचं काय व्हायचं ते होवो, पण कृष्णाकाठच्या वडलांचा डबा आणि माझ्या मामांची नोटीस यांत भाषा कुठली?

हिंडलगेकर

मान्य. पण शाळेत पोराला कुठल्या भाषेत शिकवायचं हा प्रश्न डब्यातून सुटत नाही. इथं थांबतो, धागा भरकटवायचा नाही.

उद्यमबागेतला

मी फाउंड्रीत काम करतो. वाचनाची आवड आहे. माझा प्रश्न उलटा आहे. आमच्या गावात (चंदगडच्या सीमेला लागून) चाळीस घरांतली बावीस बंद आहेत. पोरं गोव्याला, पुण्याला, काही पलटणीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, भरतीसाठी पहाटे चारला पोरं रस्त्यानं पळताना दिसतात. ज्यांच्यात रग आहे ती पोरं निघून जातात. गावात राहिलेत म्हातारे. तलाठी, सावकार, पुढारी कुणीही काही केलं तरी भांडायला माणूस नाही. त्या दुष्काळात घरांना कड्या लागल्या तशाच आताही लागल्यात, फक्त हळूहळू.

बंड कशानं होतं ते शोधताना माणसं कुठं निघून गेली तेही शोधा.

जुना दफ्तरी

उद्यमबागवाले, फार मोलाचं लिहिलंत. आणि याला एक जोड देतो. १९७४ च्या जमीन सुधारणेनं कुळं मालक झाली. सात नंबरचा फॉर्म, म्हणजे कुळाचा मालकीसाठीचा अर्ज, भरायला कचेरीत रांगा लागलेल्या मी पाहिल्यात. भून्यायमंडळात वाद झाले, खोटेपणा झाला, खऱ्या कुळाचा हक्क बुडाल्याचीही प्रकरणं माझ्या हाताखालून गेली. तरी पुष्कळांना जमीन मिळाली. त्या काळात आपल्या जिल्ह्यात खंडावरून रक्तपात झाला नाही, त्याला हेही एक कारण असावं. दार थोडं उघडलं तर माणूस भिंत पाडत नाही.

निपाणकर

आमच्या निपाणीशिवाय ह्यो धागा पुरा व्हायचा न्हाई, म्हणून लिहायलोय.

१९८१. मी दहा वर्षांचा. आमची दीड एकर तंबाखू. तंबाखू म्हणजे लेकरागत सांभाळायचं पीक. रोप लावायचं, शेंडा खुडायचा, फुटवे काढत बसायचे, हाताला काळा चिकट डिंक बसायचा तो भाकरीला कडू लागायचा. एवढं करून माल वखारीत न्यायचा आन् भाव वखारवाला सांगंल तो. चार महिन्यांनी पैसे, त्यातनं घट कापायची, धूळ कापायची. "परवडत न्हाई तर घिऊन जावा" म्हणायचे. कुठं न्यायचा? तंबाखू काय खाऊन संपवता येतीय?

आन् बसूअण्णा म्हणतात तसली आशाबी आमाला लागली होती. १९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरचा अबकारी कर उठला. आमच्या आबाला वाटलं, आता भाव आपल्याला मिळंल. मिळाला न्हाई.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले. सभेत त्येनी हिशोब मांडला, एका एकराला खर्च किती, हातात येतं किती. आबा घरी येऊन रात्रभर अंगणात बसला. आईला म्हणाला, "आपण आळशी न्हवतो गं. आपल्याला वाटायचं आपलंच कायतरी चुकतंय."

१४ मार्चला पुणे-बंगळूर हायवेवर सगळे जाऊन बसले. बैलगाड्या, जनावरं, चुली, बायका, पोरं. त्या जागेला आंदोलननगर म्हणायचे. तीन आठवडे हायवे अडला. तिथं मला कुणी मारलं न्हाई, कुणी उपाशी ठेवलं न्हाई. गावागावातनं भाकरीची टोपली यायची, कुणाची कुठली कळायचं न्हाई. कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, लिंगायत, मराठा, जैन, मुसलमान एका ओळीत जेवताना मी तवाच बघितलं. ६ एप्रिलला पोलीस आले. गोळीबार झाला. दहाच्या वर शेतकरी मेले. आबाच्या डोक्यात काठी बसली, पुढं त्याला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.

आबा कधी म्हणाला न्हाई की वाईट झालं. तीन आठवडे तो माणसागत जगला, एवढंच म्हणायचा.

वखारीतली लेक

निपाणकरदादा, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मीही निपाणीचीच, आणि तुमच्या आबांबद्दल मनात आदर ठेवून लिहिते. तुमचा माल ज्या वखारीत जायचा तिथं माझी आई काम करायची. तंबाखू कुटायची, चाळायची, पाखडायची. नाका-तोंडाला फडकं बांधून. संध्याकाळी घरी आली की आधी अंगणात पदर झटकायची, तरी आम्हा पोरांना शिंका यायच्या. तिचा खोकला मी जन्मल्यापासून ऐकलाय.

मला या धाग्याबद्दल एक सांगायचंय. तुम्ही सगळे म्हणताय की शब्द मोडला, करार मोडला, हक्काचं गेलं म्हणून माणूस उठतो. माझ्या आईला कुणी शब्दच दिला नव्हता. तिच्याकडं सनद नव्हती, शेत नव्हतं, उतारा नव्हता. तुमच्या हिशोबानं तिनं उठायला नको होतं. तरी ती उठली, शेतकरी हायवेवर बसायच्याही आधी. ऐंशीच्या आसपास निपाणीत चिकोडी तालुका कामगार महासंघ झाला, त्यात वखारीतल्या बायका होत्या, घरी बिड्या वळणाऱ्या होत्या, देवदासी बायका होत्या. बिडीवाल्या बायकांच्या शंभरातल्या किती बिड्या "छाट" म्हणून बाजूला काढायच्या हे मालकाचा माणूस ठरवायचा. छाटीचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत.

आईला मी विचारलं होतं, मजुरीसाठी उठलात का? ती म्हणाली, मजुरी कमी होती हे तर लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत होतं. सुटी झाली की दारात झडती व्हायची, तंबाखू चोरून नेताय का म्हणून. झडती घेणारा पुरुष असायचा. प्रत्येक बाई खाली मान घालून बाहेर पडायची आणि घरी कुणाला सांगायची नाही. कितीतरी वर्षं आईला वाटायचं, हे आपल्याच वाट्याला येतंय, आपल्यातच काहीतरी असेल. बैठकीत एका म्हाताऱ्या बाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि मग एकीमागून एक बायका बोलत गेल्या. त्या रात्री आई स्वयंपाक न करता भिंतीला टेकून बसून राहिली होती. दुसऱ्या दिवशी झडतीच्या वेळी रांगेतली एकही बाई पुढं सरकली नाही.

तुमचे आबा अंगणात बसले होते तसंच ना, दादा? तेही म्हणाले, वाटायचं आपलंच चुकतंय.

म्हणून मला वाटतं, वाटसरू, तुमच्या यादीच्या आधी एक पायरी आहे. आपल्या एकट्याची लाज ही सगळ्यांची गोष्ट आहे हे कळायला माणसाला कुठंतरी एकत्र बसता आलं पाहिजे. शेतसनद्यांची चाकरी एकत्र होती, गडकरी एका गडावर राहायचे. माझ्या आईसारख्या बायकांना एकत्र बसायला जागाच नव्हती, ती मिळाल्यावर त्या उठल्या. आणि दुष्काळात निघून गेलेल्या माणसांना तर चूलही एकत्र नव्हती.

आणखी एक, आणि हे बोचलं तरी लिहिते. १९८१ मध्ये शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून आम्हीही घोषणा दिल्या. पण शेतात खुरपायला येणाऱ्या बाईला किती मिळावं, ते हायवेवर किती जण बोलले?

निपाणकर

ताई, खरं हाय. आमच्या रानात येणाऱ्या बायकांची मजुरी त्या वर्षी वाढली न्हवती. आबानं वाढवली न्हाई. आज पहिल्यांदा ह्याचा विचार करतोय.

कृष्णाकाठ

आमच्याकडं ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांची उचल, त्यांची पाचटाची खोपटी... मी माझ्या पोस्टमध्ये त्यांचं नाव पण घेतलं नाही. ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं.

जुना दफ्तरी

ताई, दफ्तरात तुमच्या आईचं नाव कुठंच सापडणार नाही. जमीन असेल तर उतारा, गुन्हा असेल तर फिर्याद, दोन्ही नसेल तर कागद नाही. मी आयुष्यभर कागदावरून माणसं शोधत आलो. रायण्णाबरोबर गेलेल्यांत सनद नसलेले, बिनजमिनीचे किती असतील, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. त्याच्या सोबत्यांत सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजाचा गजवीर होता असं लोक सांगतात. त्याच्याकडं कुठली सनद असणार?

खानापूरचा वाटसरू

चार दिवस उत्तर देता आलं नाही. भाषण तिसऱ्यांदा लिहितोय. सुरुवात रायण्णाच्या शेतापासून करणार होतो, आता वखारीच्या दारातल्या रांगेपासून करावी वाटते. तिथून मागं सामानगड, बिडी. काही जण म्हणतील रायण्णाच्या दिवशी हे कशाला. मी सांगेन की त्याच्या मागं गेलेली माणसं कशी असतील हे समजायला मला दुसरा रस्ता सापडला नाही.

ताई, एक विनंती. हे मी सांगण्यापेक्षा तुमच्या आईंनी सांगितलं तर? तब्येत झेपत असेल तरच. निपाणीहून बेळगावला या, तिथून पुढं मी गाडी घेऊन येतो, रात्री आमच्याकडं मुक्काम, माझी आई आहे घरी.

वखारीतली लेक

आईला विचारलं. आधी नाहीच म्हणाली. मग विचारलं, तिथं बायका असणार का? मी म्हटलं असतील. येते म्हणाली, पण स्टेजवर खुर्चीवर बसणार नाही आणि माईक धरणार नाही. बायकांच्यात बसूनच काय ते सांगेन म्हणते. खोकला आला की थांबावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

खानापूरचा वाटसरू

सतरंज्या खालीच घालतो. माझ्या आईला सांगितलंय, ती आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायकांना बोलवायला उद्यापासून निघतेय.